एकोणीस अष्टमांश

"जे कुणाला दिसत नाही, ते वाहून न्यायचं नाही. काढून टाक. आणि एकदा काढलंस की मागे वळून बघू नकोस."

सरांचं हे सांगणं चिमटीच्या कानात चौदा वर्षं बसलं होतं. आता सर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते, नजर अधू झाली होती, प्रयोगशाळेतली त्यांची खुर्चीसुद्धा कुणीतरी ओढून नेली होती. सांगणं मात्र जागचं हललं नव्हतं. सकाळी कामाला बसताना ती क्षणभर डोळे मिटायची, देवाचं नाव घ्यायची आणि त्याच्या पाठोपाठ तिला तो घोगरा आवाज ऐकू यायचा. काढून टाक.

चिमटी हे नाव तिला कामावरून पडलं होतं. बोटात रुतलेलं कुसळ काढावं तशी ती दुसऱ्यांच्या प्रोग्राममधून पावलं वेचून काढायची, एकेक करून, हात न थरथरता. क्वांटम संगणकावरचा प्रोग्राम म्हणजे एकामागून एक टाकलेली पावलं. त्यांतली बरीचशी स्वस्त, कितीही टाका. काही मात्र महाग. महाग पाऊल म्हणजे काय, तर एका क्यूबिटला, म्हणजे त्या संगणकातल्या माहितीच्या सगळ्यात लहान कणाला, फेऱ्याच्या आठव्या भागाइतकं वळवायचं. ऐकायला एवढंसं. पण हे अष्टमांश वळण थेट देता येत नसे. ते आधी बाजूला तयार करायचं, पुन्हा पुन्हा गाळून घ्यायचं आणि मग वापरायचं, आणि तेवढ्या वेळात क्यूबिट दम सोडायला लागत. गंमत अशी, की दोन अष्टमांश शेजारी आणता आले तर त्यांचा पाव फेरा होई, आणि पाव फेरा स्वस्तात पडे. दूरदूर पडलेली महाग पावलं ओळखायची, मधल्यांना धक्का न लावता त्यांना सरकवत सरकवत एकमेकांच्या शेजारी आणायचं आणि जोडीने निकालात काढायचं. हेच चिमटीचं काम.

संगणक तळघरात होता. पांढऱ्या पिंपात छतापासून टांगलेला, आणि इतका थंड ठेवलेला की सगळे त्याला फ्रीजच म्हणत. त्याची देखभाल करणारे गृहस्थ म्हणजे फ्रीजकाका. त्यांनी मर्यादा आखून दिली होती.

"बाराशे," ते म्हणाले होते. "बाराशे महाग पावलं. बाराशे एक झालं तरी घेणार नाही."

"एकाने काय होतंय, काका?"

"सगळे एकच म्हणतात. माझ्या मनावर असतं तर तुला चार जास्त दिली असती, बाई. हे त्या क्यूबिटच्या दमावर आहे. त्यांना माझं तोंड बघून दम येत नाही."

आणि हे सगळं शुक्रवारच्या आत व्हायला हवं होतं. शुक्रवारी संध्याकाळी फ्रीज बंद करून, सुटा करून दुसऱ्या ठिकाणी हलवायचा होता, आणि तिथे दोन वर्षांची रांग होती. केमिस्टची मुदत तर महिनाअखेरीस संपत होती. केमिस्ट म्हणजे चिमटीची बरोबरीची मैत्रीण. तिला एका रेणूची ऊर्जा हवी होती, एकच आकडा. ज्या उत्प्रेरकापाठी तिने तीन वर्षं घालवली, तो कामाचा आहे की सोडून द्यायचा, हे त्या आकड्यावर ठरणार होतं. साध्या संगणकावर तो आकडा निघत नव्हता, आणि फ्रीजवर निघायचा तर प्रोग्राम बसत नव्हता. गेल्या वर्षी तो पंधराशे अठरा महाग पावलांचा होता.

"होईल ना गं?" तेव्हा केमिस्टने विचारलं होतं.

चिमटीने लगेच होकार दिला नाही. दोन दिवस कागद चाळले, आणि तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "होईल."

त्याच दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. सकाळचा चहा समोर ठेवायचा आणि निदान एक महाग पाऊल कमी केल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. नाहीच निघालं, तर का निघत नाही हे वहीत हाताने लिहायचं, आणि मगच कपाला हात लावायचा. अकरा महिन्यांत नेम एकदाही चुकला नव्हता. चहा मात्र बहुतेक दिवस गार झाला होता.

"सूनबाई, आज कितीवर आलं?" सासूबाई रोज विचारायच्या. तापाची चौकशी करावी तसं.

"बाराशे चार, आई."

"उतरतंय म्हणजे."

"आमच्या धंद्यात एक पाऊल कमी केलं तर माणूस खड्ड्यात जातो," नवरा बूट चढवत म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "तुझं बरंय."

"अहो, तुमचा माणूस खड्ड्यात गेला तर निदान ओरडतो तरी. माझं चुकलं तर आवाजच येत नाही."

हे सोमवारचं बोलणं.

मंगळवारी सकाळी चार जोड्या एकदम सापडल्या. ती त्यांना कितीतरी आठवडे शोधत होती, आणि त्या समोरच होत्या. नळाशी उभं राहून घरभर नळ शोधावा तशी तिची गत झाली होती. बाराशे चारातून आठ गेले, अकराशे शहाण्णव उरले. तिने दोनदा मोजले, मग संगणकाकडून मोजून घेतले, आणि मग चहाचा घोट घेतला. त्या दिवशी तो गरम होता.

बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. केमिस्ट पायऱ्या चढत धापा टाकत आली आणि तिने चिमटीला मिठीच मारली. मागोमाग चालेलभाऊ आला. हा त्यांचा जोडीदार, टेस्टर सांभाळायचा, म्हणजे फ्रीजवर जाण्याआधी प्रोग्राम साध्या संगणकावर लहान प्रमाणात चालवून बघायचा. कुठलीही गोष्ट विचारा, याचं उत्तर एकच, 'चालेल'. लोक त्याचं नाव विसरून गेले होते आणि त्यालाही त्याची फारशी खंत नसावी.

"आता प्रोग्रामचे सगळे तुकडे जोडू," चिमटी म्हणाली. "आणि छोट्या रेणूवर चालवून बघू. ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे."

"अगं, तुकडे तर एकेक करून कधीच तपासलेत. सगळे बरोबर आलेत," केमिस्ट म्हणाली.

"जोडून नाही तपासले."

"चालेल," चालेलभाऊ म्हणाला.

दुपारी तीन वाजता उत्तर आलं. चूक. फार नाही, थोडंसं चूक. दोन अणूंच्या त्या रेणूची ऊर्जा जिथे यायला हवी, तिथून जरा खाली.

"गोंगाट असेल," चालेलभाऊ म्हणाला. यंत्रात आपोआप होणाऱ्या बारीकसारीक चुकांना ते गोंगाट म्हणत. "मी टेस्टरमध्ये फ्रीजसारखा गोंगाट घातलाय ना."

"पुन्हा चालवा."

पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही खाली. चिमटीने दहा वेळा चालवायला लावलं, दहाही वेळा उत्तर खालीच.

"गोंगाट दोन्हीकडे सांडतो हो," ती हळू आवाजात म्हणाली. "कधी वर, कधी खाली. हे दर वेळी एकाच बाजूला जातंय. म्हणजे कुणीतरी ढकलतंय."

केमिस्ट टेबलाच्या कडेला बसली होती. तिचा चेहरा बघून चिमटीने नजर पुन्हा आकड्यांकडे वळवली. बाहेर दिवस चांगला लख्ख होता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ती गाडी मागे घेण्याची टिकटिक खोलीत मोठ्याने ऐकू येत होती.

"गुरुवारी पाचपर्यंत द्यायचंय," केमिस्ट म्हणाली.

"माहीत आहे गं."

"मी घाई करत नाहीये."

"करतेयस. कर. मला बरं वाटतं."

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. चहा समोर ठेवला. आज कमी काही करायचं नव्हतं, म्हणून वहीत लिहिलं, 'आज एकही काढलं नाही, कारण जे काढलं त्यात कुठेतरी चुकलं आहे.' मग प्रोग्रामचे तुकडे सुटे केले आणि पुन्हा एकेक तपासायला घेतले. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. बारा वाजेपर्यंत तीसच्या तीस तुकडे बरोबर निघाले.

"मग टेस्टर चुकतोय," चालेलभाऊ म्हणाला. पहिल्यांदाच त्याने काहीतरी नाकारलं होतं, आणि तेही स्वतःचंच.

"टेस्टर तुमचा आहे, तो कसा चुकेल?" चिमटी म्हणाली. तो खूश झाला. तिने ते मस्करीत म्हटलं होतं, पण खूश झालेला माणूस मुकाट्याने काम करतो, म्हणून पुढे काही बोलली नाही.

एकेकटे सगळे बरोबर, एकत्र चूक. मग एकत्र असताना असं काय असतं, जे एकेकटं असताना नसतं? तिने प्रोग्रामचा मोठा आराखडा भिंतीवर चिकटवला आणि दोन पावलं मागे होऊन बघत राहिली. सगळ्यात वर एक लांब आडवी रेघ होती. ती पहारेकऱ्याची. पहारेकरी म्हणजे एक क्यूबिट. तो स्वतः काही करत नसे, नुसता उभा असे. पण खालचा प्रत्येक तुकडा त्याला विचारून चाले. तो 'हो' असेल तर तुकडा चालवायचा, 'नाही' असेल तर नाही. सगळ्या तुकड्यांच्या डोक्यावर त्याचा तो एक 'जर' होता. एकेकटा तुकडा तपासताना मात्र 'जर' कुणीच लावला नव्हता. कशाला लावायचा?

तिने एकच तुकडा घेतला. त्याच्यावर पहारेकरी बसवला. चालवला.

चूक.

तिने तो तुकडा निरखला आणि खुर्चीत मागे टेकली. त्या तुकड्यात सरांची घडी होती.

घडी म्हणजे सरांची ओळख. सात महाग पावलांचं काम त्यांनी एके काळी चार पावलांत घडी घालून बसवलं होतं, आणि तेव्हापासून जगभर जो तो तीच वापरत होता. घडी घालताना एक अष्टमांश वळण मागे उरतं, पण ते एका क्यूबिटवर नसतं, सगळ्यांवर एकसारखं पडतं. सगळं घरच एकदम वीतभर सरकलं, तर आत बसलेल्याला काय कळणार? कुठल्याच मोजणीत ते दिसत नाही. म्हणून सरांनी ते काढून टाकलं होतं, आणि चिमटीने काढून टाकायला शिकून घेतलं होतं. आणि ते बरोबरच होतं. घर एकटं असेपर्यंत.

पण पहारेकरी एकाच वेळी 'हो' आणि 'नाही' दोन्ही धरून उभा असतो. त्याच्या 'जर'खाली घर आणलं, की 'हो'च्या बाजूला ते सरकतं आणि 'नाही'च्या बाजूला जागेवर राहतं. मधल्या भिंतीला तडा जातो. जे कुणाला दिसत नव्हतं, ते आता दिसतं.

ती उठून मोजायला लागली. घडी कुठे कुठे वापरली आहे? एकोणीस ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एक अष्टमांश परत घालायला हवा, म्हणजे एक महाग पाऊल. अकराशे शहाण्णव आणि एकोणीस.

"बाराशे पंधरा," केमिस्ट म्हणाली. ती कधी येऊन मागे उभी राहिली, हे चिमटीला कळलंच नव्हतं.

चालेलभाऊने डोकं खाजवलं. "प्रोग्राम तसाच पाठवला तर? चूक किती आहे ते आपल्याला माहीत आहे. आकडा आला की मागाहून वजा करू."

"वजा करता आली असती. पहारेकऱ्याला शेवटी एकट्याला मोजून सोडून देत असतो तर. पण सगळे तुकडे संपल्यावर तो आणखी दोघांत मिसळतो. मिसळल्यावर चूक वेगळी कशी काढणार? दुधात पडलेलं पाणी वजा करता येतं का?"

"पण चूक छोटी आहे. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"हेच चौदा वर्षं म्हणत आले मी," चिमटी म्हणाली.

या वेळी चालेलभाऊच्या तोंडून 'चालेल' निघालंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने सरांना फोन लावला. सरांच्या मुलीने उचलला, "बाबा, तुमची चिमटी," म्हणून आत दिला.

"बोल, चिमटे. फ्रीजचं शेवटचं ना या आठवड्यात?"

"सर, घडीत चुकलंय."

ती नेहमी आधी तब्येत विचारायची, मग डोळ्यांचं, मग नातवंडांचं. आज एकदम हेच तोंडून निघालं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सर म्हणाले, "कुठली ओळ?"

"चौथी. जिथे तुम्ही अष्टमांश काढून टाकलाय."

"तो कुणाला दिसत नाही."

"नाही दिसत, सर. पण माझ्याकडे वर पहारेकरी आहे."

"'जर' लावलायस?"

"हो."

चिमटीला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी भांडी आवरत होतं.

"'जर' मी धरलाच नव्हता," शेवटी सर म्हणाले. "तेव्हा घडी एकटीच चालायची. लिहिताना एक ओळ जास्त घालायला हवी होती, की बाबांनो, 'जर'खाली वापरू नका. घातली नाही. आणि इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही?"

"सगळ्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"म्हणजे माझं नाव आडवं आलं." ते थोडे हसले, खोकले. "तुलाही फार दिवस लागले. मी शिकवलेली तू, तुला आधी सापडायला हवं होतं. कुठे कुठे वापरलीय लोकांनी?"

"मला माहीत असलेली नऊ ठिकाणं आहेत. त्यांतला एक गट शनिवारी चालवणार आहे. त्यांच्याकडेही 'जर' आहे. त्यांना आजच कळवू का?"

"कळवशील, आणि ते तुला विचारतील, तू कोण? घडी माझी आहे, पत्र माझ्या सहीने जायला हवं, आणि शनिवारच्या आत." ते थांबले. "पण वाचल्याशिवाय मी सही करत नाही, ते तुला माहीत आहे. आणि आता मला वाचता येत नाही. मुलगी वाचून दाखवते, पण तिला यातलं ओ की ठो कळत नाही, ती मधल्या खुणा गाळते. तू ये. तुझा प्रोग्राम पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत मला वाचून दाखव. मी मनात मांडत जाईन. पटलं की पत्र सांगेन, तू लिही, मी सही करेन."

"गुरुवारी पाचपर्यंत मला इथून हलता येत नाही, सर."

"मग शुक्रवारी सकाळी."

शुक्रवारी सकाळी अकराला आकडा येणार होता. म्हणजे प्रोग्राम गेलाच, तर. तीन वर्षांचा आकडा. चिमटीने ते तोंडातून काढलं नाही.

"येते," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी येते, सर. नक्की."

फोन ठेवून ती परत येऊन बसली. बाराशे पंधरा अजून बाराशे पंधराच होते. पंधरा पावलं जास्त, आणि हातात दीड दिवस. अकरा महिन्यांत जे घासून घासून संपवलं, त्यातून आणखी पंधरा? तिने एकदा हात जोडले, आणि मग तेच हात कामाला लावले.

आधी एकोणीसही जागा तिने कागदावर ओळीने लिहून काढल्या. मग बिस्किटांच्या डब्याचं गोल झाकण घेतलं, त्याच्या कडेला शाईने एक टिंब काढलं, आणि ते टेबलावर ठेवून जागा वाचायला लागली. एक जागा, एक अष्टमांश. झाकण थोडं फिरवलं. दुसरी जागा, पुन्हा थोडं. डोळ्यांपुढे असलं की चुकत नाही, ही तिची जुनी सवय होती.

"काय चाललंय?" केमिस्टने विचारलं. "डबा उघडत नाहीये का?"

"थांब गं."

आठव्या जागेला टिंब जिथून निघालं होतं तिथे परत आलं. चिमटीचा हात थबकला. ती नवव्या जागेकडे बघत राहिली, मग वर भिंतीवरच्या त्या लांब आडव्या रेघेकडे बघितलं. एकोणीसही अष्टमांश एकाच क्यूबिटवर पडणार होते. पहारेकऱ्यावर. आणि पहारेकरी तर पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत नुसता उभा. मध्ये त्याला कुणी हात लावत नाही, नुसतं विचारतात. म्हणजे त्याच्यावरचं वळण त्याच्या रेघेवरून खुशाल इकडेतिकडे सरकवता येतं. एकोणीस वेळा एकोणीस ठिकाणी कशाला वळवायचं? सगळी वळणं एका जागी गोळा करायची आणि एकदाच काय ते वळवायचं.

"आठ म्हणजे एक अख्खा फेरा," ती मोठ्याने म्हणाली. "तो केला काय, न केला काय. सोळा म्हणजे दोन फेरे. तेही गेले. उरले तीन. तीन अष्टमांश."

"म्हणजे तीन महाग पावलं?" केमिस्ट पुढे झुकली. "अकराशे नव्व्याण्णव! बसतंय गं!"

"नाही. दोन अष्टमांशांचा पाव फेरा. तो स्वस्त." चिमटीने झाकण शेवटचं फिरवलं. "महाग एकच. अकराशे सत्त्याण्णव."

केमिस्टने दोन्ही हात तोंडावर धरले. चालेलभाऊ पलीकडून ओरडला, "बसलं?"

"बसलं. पण तपासल्याशिवाय आनंद नाही करायचा."

"चालेल, चालेल!" तो म्हणाला, आणि खुर्चीसकट सरकत टेस्टरपाशी गेला.

संध्याकाळपर्यंत छोटा रेणू दहा वेळा चालवून झाला. उत्तर कधी किंचित वर, कधी किंचित खाली, दोन्हीकडे सांडत, आणि मधोमध बरोबर जिथे हवं तिथे. चिमटीने दहाही आकडे वहीत उतरवले आणि घरी गेली.

गुरुवारी सकाळी चहा समोर आला.

"आज कितीवर आलं, सूनबाई?"

"एकाने वाढलं, आई."

सासूबाईंनी चष्मा वर केला. अकरा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. "वाढलं? मग चहाचं काय करायचं?"

"का वाढलं ते लिहिते वहीत."

"मग लिही आणि पी बाई. नेम तुझा आहे, पण दूध मी तापवलंय. ओतून देणार नाही मी."

"एक वाढलं तरी बसतंय ना त्या काकांच्या फ्रीजमध्ये?" नवऱ्याने विचारलं.

"बसतंय. तीन जागा रिकाम्या आहेत."

"तीन माणसं रिकामी म्हणजे लिफ्ट चांगली चालते," तो म्हणाला आणि निघून गेला.

दिवसभर तिने अकराशे सत्त्याण्णव पावलं हाताने तपासली, पान उलटताना दर वेळी कोपऱ्यावर खूण करत. चालेलभाऊने मोठ्या टेस्टरवर अर्धा प्रोग्राम चालवला. केमिस्ट येत जात राहिली आणि दर वेळी काहीतरी खायला आणून ठेवत राहिली, जे कुणी खाल्लं नाही. साडेचारला तिघंही तळघरात उतरली. फ्रीजकाकांनी आकडा बघितला, पुन्हा बघितला.

"सत्त्याण्णव? सोमवारी तर बाराशे चार म्हणत होतीस."

"मधे शहाण्णव झालं होतं, काका. मग एक परत घातलं."

"परत घातलं?" काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "इथे उतरणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवशी काढतच असतो. घालणारी तू पहिलीच." मग त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली आणि अगदी सावकाश भरायला लागली. "उद्या अकरापर्यंत येईल. आता हात लावू नका, दारं आपटू नका, जमलं तर श्वासही जपून घ्या."

शुक्रवारी सकाळी सगळे लवकर जमले. कुणीतरी जास्तीच्या खुर्च्या आणल्या होत्या. केमिस्टने नवा कुर्ता घातला होता आणि तो नवा आहे हे कुणी बोलू नये म्हणून आधीच सगळ्यांवर डोळे वटारून ठेवले होते. पट्टी तीन चतुर्थांश भरली होती. सव्वानऊ वाजता चिमटीने एकेचाळीस पानांची चळत एका जाड पाकिटात घातली, कोरा कागद आणि दोन पेनं वेगळी ठेवली, आणि खांद्याला पिशवी लावली.

"कुठे निघालीस?" केमिस्टने तिचं मनगट धरलं.

"सरांकडे. आज यायचं कबूल केलंय."

"अकरानंतर जा ना! पावणेदोन तासांचा तर प्रश्न आहे."

"तिथे पोचायलाच दोन तास लागतात. मग एवढं सगळं वाचायचं, मग पत्र. संध्याकाळच्या आत नऊ ठिकाणी जायला हवं. उशीर झाला, तर ते लोक उद्या चुकीचं चालवतील."

"आणि आकडा आल्यावर मी कुणाच्या गळ्यात पडू?"

"चालेलभाऊंच्या."

"तो म्हणेल चालेल!"

"चालेल," चालेलभाऊ म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्यात केमिस्टने तिचं मनगट सोडलं. मग तिच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट सरकवून दिला.

"आकडा कळवू?"

"आता नको. वाचताना लक्ष जाईल. पत्र गेलं की मीच फोन करते."

दार न आपटता ती बाहेर पडली. रस्त्यावर कामाला जाणाऱ्यांची गर्दी ओसरत आली होती. थांब्यावर दोनच माणसं होती. बस आली, तिला मागच्या बाजूला खिडकीपाशी जागा मिळाली. पाकीट मांडीवर ठेवून तिने पहिलं पान काढलं. प्रोग्राम असा मोठ्याने वाचायचा नसतो, तो डोळ्यांनी बघायचा असतो. कुठे थांबायचं, खूण कशी उच्चारायची, हे तिला आधी बसवून घ्यायला हवं होतं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, तेव्हा ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागली होती.

"पहिला क्यूबिट. अष्टमांश. मग पहिल्याला विचारून दुसरा..."